घरात करंट उतरतो तेव्हा: फॉल्ट शोधायची आणि जीव सांभाळायची रीत

सांगलीच्या गावभागातल्या एका जुन्या वाड्यात काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात मला बोलावणं आलं. परसात कपडे वाळत घालायची लोखंडी तार होती. तिचं एक टोक न्हाणीच्या पत्र्याला बांधलेलं, आणि त्याच पत्र्यावरून मागच्या खोलीतल्या बल्बची वायर नेलेली. पत्र्याच्या कडेला घासून घासून वायरचं आवरण कापलं गेलं होतं. उन्हाळाभर कुणाला काही जाणवलं नाही. पहिल्या जोरदार सरीनंतर घरातल्या काकू ओली साडी तारेवर टाकायला गेल्या आणि झटक्यासरशी मागे फेकल्या गेल्या. फेकल्या गेल्या म्हणूनच वाचल्या. तार मुठीत आली असती तर सुटली नसती. मी पोचल्यावर त्यांच्या मुलानं पहिला प्रश्न केला, "एवढं झालं, तरी एमसीबी का पडली नाही?" एमसीबी म्हणजे बोर्डातलं ते बटण, जे करंट फार वाढला की आपोआप खाली पडून सप्लाय तोडतं.

गेली सव्वीस वर्षं मी वायरिंगचं काम करतो, आणि हाच प्रश्न मला दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतं. घरात एमसीबी बसवल्या म्हणजे शॉकची काळजी मिटली, असं लोक मनापासून धरून चालतात. ते खरं नाही. एमसीबी वायरला वाचवते, माणसाला नाही.

आकडे एकदा समजून घ्या

आपल्या घरात २३० व्होल्टचा सप्लाय येतो. अंग ओलं असेल तर शरीराचा रोध साधारण हजार ओहमपर्यंत खाली येतो. म्हणजे ओल्या हातानं फेजला, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरला, स्पर्श झाला आणि पाय ओल्या जमिनीवर असले, तर अंगातून २०० मिलिअँपिअरच्या वर करंट जाऊ शकतो. एक मिलिअँपिअरला नुसत्या मुंग्या येतात. दहाच्या पुढे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या पुढे श्वास अडकायला लागतो. पन्नास ते शंभरमध्ये हृदयाचा ठोका बिघडून माणूस जाऊ शकतो.

आता बोर्डातली सगळ्यात लहान एमसीबी बघा. ती असते सहा अँपिअरची, म्हणजे सहा हजार मिलिअँपिअर. माणूस मरतो तो करंट तिच्या खिजगणतीतही नसतो. काकूंच्या परसातली एमसीबी बिघडलेली नव्हती, ती तिच्या कामाप्रमाणे शांत बसली होती.

माणसासाठी असते ती आरसीसीबी. आपल्याकडे दुकानात तिला अजून सर्रास ईएलसीबी म्हणतात. फेजमधून जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत येतोय का, एवढंच ती सतत ताडून बघते. तफावत पडली, म्हणजे करंट दुसऱ्या वाटेनं, भिंतीतून, पत्र्यातून किंवा कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चाललाय, हे ओळखून ती सेकंदाच्या लहानशा भागात सप्लाय तोडते. घेताना तिच्यावर '३० एमए' (एमए म्हणजे मिलिअँपिअर) लिहिलेलं आहे ना, ते डोळ्यांनी वाचून घ्या. १०० किंवा ३०० एमएची मिळते ती आग लागू नये म्हणून. माणसासाठी ती उपयोगाची नाही.

दोन गोष्टी आरसीसीबी करू शकत नाही. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला आणि करंट जमिनीत गेलाच नाही, तर तिला तो बल्बसारखाच दिसतो. ती पडणार नाही. आणि जास्त लोड आला तरी ती पडत नाही, त्यामुळे सोबत एमसीबी लागतेच.

आधी आपला बोर्ड ओळखा

एखाद्या रविवारी दिवसाउजेडी अर्धा तास काढा. घरातल्या एकानं बोर्डापाशी उभं राहायचं, दुसऱ्यानं खोल्यांतून फिरायचं. एकेक एमसीबी खाली करून कुठला दिवा गेला, कुठला पॉइंट बंद झाला ते बघायचं आणि एमसीबीखाली चिकटपट्टी लावून लिहायचं: 'पुढची खोली', 'गीझर', 'वरची मोटार'. मेन स्विच कुठला, हे घरातल्या शाळकरी पोरांपासून आजीपर्यंत सगळ्यांना हात लावून दाखवा. रात्री धूर निघाल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो.

हे करताना एक तपासायला विसरू नका. मेन बंद केल्यावरही काही दिवे चालू राहिले, तर ते इन्व्हर्टरवर आहेत. मेन पाडला की घर मेलं असं समजून होल्डर उघडणारे लोक इथेच फसतात. इन्व्हर्टरचा करंटही २३० व्होल्टचाच असतो आणि तोही तसाच मारतो. दुरुस्तीच्या वेळी इन्व्हर्टरसुद्धा बंद करायचा. छतावर सोलर असेल तर पॅनेलपासून येणाऱ्या वायरमध्ये ऊन असेपर्यंत दाब असतोच, तिकडे हातच लावू नका.

बोर्डात फ्यूज असतील तर त्यात कुणी जाडी तांब्याची तार पिळून घातली आहे का, ते मेन बंद करून बघा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार घालणं म्हणजे भिंतीतल्या वायरलाच फ्यूज करणं.

आरसीसीबीवर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं लहान बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. खटकन् पडली पाहिजे. नाही पडली तर ती बदला. वर्षानुवर्षं न हललेल्या आरसीसीबी आतून जाम झालेल्या मी पुष्कळ बघितल्या आहेत.

आरसीसीबी उभीच राहत नाही

हा फोन मला सगळ्यात जास्त येतो. आणि वायरमन येईपर्यंत लोक काय करतात, तर आरसीसीबी बायपास करून घेतात. कृपा करून असं करू नका. ती पडते आहे म्हणजे घरात कुठंतरी करंट उतरला आहे. तो शोधायची रीत घरातलं कुणीही पार पाडू शकतं, कारण यात एकही वायर उघडावी लागत नाही.

सगळ्या एमसीबी खाली करा. मग आरसीसीबी वर करा. उभी राहिली तर एकेक एमसीबी वर करत जा. ज्या एमसीबीला आरसीसीबी पडते, फॉल्ट त्या सर्किटवर आहे. ती एमसीबी खाली ठेवून बाकीचं घर चालू करा; निदान फ्रीज आणि पंखे तरी चालतील.

आता त्या सर्किटवरच्या सगळ्या वस्तूंच्या पिना सॉकेटातून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, आणि हेच बहुतेकांना माहीत नसतं. बटण फक्त फेज तोडतं. आतल्या न्यूट्रलचा अर्थिंगशी, म्हणजे उतरलेला करंट जमिनीत नेणाऱ्या वायरशी, मेळ झाला असेल तर बटण बंद असतानाही आरसीसीबी पडते. पिना काढल्यावर एमसीबी वर करा. आरसीसीबी उभी राहिली तर दोष एखाद्या वस्तूत आहे. एकेक पिन लावून बघा. जिला पडेल ती बाजूला ठेवा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा गीझर, जुनी इस्त्री, मिक्सर किंवा पाण्याची मोटार निघते. सगळ्या पिना काढूनही पडतच राहिली तर दोष भिंतीतल्या वायरमध्ये, नाहीतर ओल आलेल्या सॉकेटात.

सगळ्या एमसीबी खाली असूनही आरसीसीबी उभी राहत नसेल, तर घरातल्या कुठल्याही सर्किटचा न्यूट्रल अर्थिंगला लागलेला असू शकतो, कारण साधी एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. तेव्हा घरातल्या सगळ्याच पिना काढून एकदा बघा. तरीही पडली तर तुमचं काम संपलं, पुढचं वायरमनचं.

एमसीबी पडत असेल तर तपास सोपा आहे. गीझर आणि इस्त्री एकदम लावल्यावर थोड्या वेळानं पडते, तो लोड. २००० वॉटचा गीझर एकटाच जवळपास नऊ अँपिअर घेतो. वर केल्या केल्या ताडकन् पडते, तो शॉर्ट. ती पुन्हा पुन्हा वर करत बसू नका. आणि १६ ची पडते म्हणून ३२ ची बसवू नका. एमसीबी वायरच्या जाडीला बघून घ्यायची असते: दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर, साध्या पॉवर प्लगला अडीचची, गीझर आणि एसीला चारची.

फ्रीजला हात लावला की मुंग्या येतात

'थोडाच मारतो, सवय झालीय,' असं कुणी म्हणालं की मला धडकी भरते. आज हात कोरडे आहेत, पायात चप्पल आहे म्हणून थोडा मारतो. फरशी पुसताना अनवाणी पायानं तोच फ्रीज जीव घेऊ शकतो.

मुंग्या येतात याचा अर्थ दोन गोष्टी एकदम बिघडल्या आहेत: वस्तूच्या आतला करंट तिच्या पत्र्यावर आलाय, आणि त्याला जमिनीत नेणारं अर्थिंग तुटलंय. अर्थिंग शाबूत असतं तर पत्र्यावर दाब टिकला नसता. आधी पिन काढा. मग सॉकेटाचं मोठं भोक बघा. अर्थिंगची पिन त्यात जाते. ती इतर दोनांपेक्षा लांब आणि जाड असते, कारण वस्तूला आधी अर्थिंग मिळावं आणि मग करंट, असा तिचा हिशेब आहे. ती पिन मोडून किंवा टू-पिन लावून फ्रीज, वॉशिंग मशीन, इस्त्री चालवू नका. आणि पिन नाही म्हणून वायरची उघडी टोकं काडेपेटीच्या काड्या खोचून सॉकेटात बसवायची सवय तर घरातून हद्दपारच करा.

सॉकेटाला अर्थिंग आहे पण अर्थिंगची प्लेट पुरलेला खड्डा मेलेला आहे, हेही आपल्याकडे फार आढळतं. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात छान ओल धरते, पण एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि प्लेटपासून सुटते. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या मुरमाड जमिनीत तर वर्षातले कित्येक महिने ओल नसतेच. उन्हाळ्यात अर्थिंगच्या पाइपात आठवड्यातून एक-दोन बादल्या पाणी ओतत जा. दर दोन-तीन वर्षांनी वायरमनकडून अर्थ टेस्टर लावून रोध मोजून घ्या. पाच ओहमच्या आत असला तर उत्तम.

आणि अर्थिंग उत्तम असलं तरी आरसीसीबी हवीच. समजा तुमच्या खड्ड्याचा आणि डीपीकडच्या (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरकडच्या) अर्थिंगचा मिळून रोध वीस ओहम आहे. फॉल्ट झाल्यावर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर जाणार. सोळाची एमसीबी त्याला कधीच पडणार नाही, आणि पत्रा करंटवरच राहणार.

नळाच्या तोटीला करंट येत असेल तर बहुधा गीझर किंवा टाकीची मोटार. पाण्याच्या पाइपाला अर्थिंग बांधू नका; शेजारच्याच्या न्हाणीत करंट जातो.

टेस्टरवर किती विसंबायचं

पेटला तर करंट आहे, हे खरं. नाही पेटला तर करंट नाही, हे मात्र खरं नाही. टेस्टरमधला लहानसा करंट तुमच्या अंगातूनच जमिनीत जातो. लाकडी स्टुलावर, रबरी चपलेत उभे असाल तर उजेड इतका मंद पडतो की दिवसा दिसत नाही. म्हणून आधी चालू असलेल्या पॉइंटवर टेस्टर पेटतोय का बघा, मग हव्या त्या जागी लावा, आणि नंतर पुन्हा चालू पॉइंटवर खात्री करा.

घरात दिवे लागत नाहीत, पण सॉकेटाच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो, असं झालं तर न्यूट्रल तुटला आहे. पंखा-दिव्यांतून फेज उलटा फिरून न्यूट्रलच्या वायरवर आलेला असतो. काही चालत नाही म्हणून करंटच नाही असं समजून वायरला हात घालणाऱ्याला इथे हमखास शॉक बसतो.

याचाच मोठा भाऊ म्हणजे खांबावरचा न्यूट्रल सुटणं. वाऱ्या-पावसात एकदम काही घरांतले बल्ब लखलखतात, पंखे सुसाट फिरतात, आणि शेजारी मात्र दिवे मिणमिणतात. थ्री-फेज लाइनचा न्यूट्रल गेला की एखाद्या घरात दाब ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. कारण शोधत थांबू नका. मेन पाडा, शेजाऱ्यांना हाक मारून पाडायला सांगा आणि महावितरणच्या १९१२ वर कळवा.

पाणी आणि करंट जिथे भेटतात

पाणी तापवायच्या रॉडची बादली प्लॅस्टिकची हवी. आधी रॉड पाण्यात, मग बटण. पाणी तापलं का हे बोटानं बघायचं तर आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग बोट. अंघोळीला जाताना गीझर बंद करूनच जा. पत्र्याच्या कुलरमध्ये पाणी भरायचं ते पिन काढून. मे महिन्यात कुलरनं माणसं गेल्याच्या बातम्या येतात त्या बहुतेक पाणी भरताना किंवा कुलर पुसताना घडलेल्या असतात. पाण्याची मोटार खेचून हलवताना तिची पिन काढलेली असू द्या.

कपड्यांसाठी तार नको, नायलॉनची दोरी बांधा. ती विजेच्या खांबाला, ताणाच्या तारेला किंवा ज्यावरून वायर गेली आहे त्या पत्र्याला बांधू नका. पत्र्याच्या शेडवरून वायर न्यायचीच असेल तर पीव्हीसी पाइपातून न्या. गच्चीवरून शेवगा किंवा नारळ काढायला लोखंडी गज, ओला बांबू घेऊ नका. जवळून ११ केव्हीची (अकरा हजार व्होल्टची) लाइन जात असेल तर तिला प्रत्यक्ष टेकायचीही गरज नसते.

कुणाला शॉक बसला तर

त्याला हात लावू नका. हा पहिला नियम मोडल्यामुळे एकामागून एक दोघं-तिघं जातात. मेन पाडा. मेन दूर असेल तर पिन ओढा. दोन्ही जमत नसेल तर कोरड्या लाकडी फळीवर किंवा गादीवर उभं राहून कोरड्या काठीनं, प्लॅस्टिकच्या खुर्चीनं त्याला वायरपासून ढकला. बाहेर खांबावरची तार तुटून पडली असेल तर यातलं काहीही करू नका. दहा मीटर लांब राहा, इतरांना अडवा, १९१२ वर सांगा. अशा तारेजवळ तुम्ही आधीच असाल तर मोठी पावलं टाकू नका, दोन्ही पाय जोडून सरकत सरकत मागे या.

माणूस सुटल्यावर हाक मारा, खांदा हलवा. उत्तर नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर एकानं १०८ लावायचं आणि दुसऱ्यानं लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करायची. त्याला सपाट जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध एका तळव्यावर दुसरा ठेवा, कोपरं ताठ, आणि मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल असं दाबा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोनदा. तोंडानं श्वास द्यायला शिकला असाल तर तीस दाबांनंतर दोन श्वास. नसाल तर नुसतं दाबत राहा. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत थांबू नका, थकलात तर दुसऱ्याला बसवा. अंगाला माती चोळणं, तळवे घासणं, तोंडात पाणी घालणं यात त्याची वाचायची मिनिटं जातात.

झटका बसून माणूस उठून बसला, बोलायला लागला, तरी त्याला दवाखान्यात न्या आणि ईसीजी काढा. बाहेर बोटावर टाचणीएवढा डाग असतो आणि आत स्नायू भाजलेले असतात; ठोक्यातली गडबडही वरून दिसत नाही.

पुराच्या आधी आणि पूर ओसरल्यावर

सांगलीकराला हे वेगळं सांगावंच लागतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. आपल्या गल्लीत किती फुटांना पाणी येतं हे प्रत्येक घराला तोंडपाठ असतं. त्या आकड्याच्या दोन फूट आधीच काम उरका: फ्रीजसह सगळ्या पिना काढा, इन्व्हर्टर बंद करून बॅटरीच्या वायरी सोडवा, बॅटरी माळ्यावर न्या, आणि मेन पाडूनच घर सोडा. पाणी उंबऱ्याच्या आत आलं असेल आणि मेनपाशी पोचायला पाण्यात उतरावं लागत असेल, तर मेनचा नाद सोडा आणि १९१२ वर लाइन बंद करायला सांगा.

परत आल्यावर सगळ्यांनाच दिवा लावायची घाई असते. २०१९ नंतर मी खणभाग, टिळक चौक, मारुती चौक या भागांत दीड महिना हेच काम करत होतो. मेन चालू करण्याआधी पाण्याखाली गेलेलं प्रत्येक स्विच-सॉकेट उघडून गाळ धुवायचा आणि वाळवायचं. बुडालेल्या एमसीबी आणि आरसीसीबी वाळवून पुन्हा वापरायच्या नसतात, त्या बदलायच्याच. आत शिरलेला गाळ निघत नाही. भिंतीतल्या पाइपात पाणी साचून राहतं, वरून रंग वाळला तरी. म्हणून वायरमनला मेगर (वायरच्या आवरणातून करंट गळतोय का हे मोजायचं यंत्र) लावायला सांगा, आणि तो आकडा तुम्ही स्वतः बघा. ५०० व्होल्टच्या मेगरवर एक मेगोहमच्या खाली दाखवत असेल तर त्या सर्किटला सप्लाय द्यायचा नाही, पंखे लावून आणखी आठवडाभर वाळू द्यायचं. फ्रीज, वॉशिंग मशीन, मोटार यांचंही तसंच. आणि चालू झाल्यावरही पहिले काही दिवस ओल्या भिंतीला टेकू नका.

नवं वायरिंग करत असाल तर २०१९ च्या पाण्याची खूण भिंतीवर अजून दिसत असेल. खालच्या मजल्यावरचे बोर्ड तिच्या वर घ्या, वायर छताकडून खाली उतरवा, आणि वरच्या मजल्याला स्वतंत्र एमसीबी-आरसीसीबी द्या, म्हणजे खाली पाणी असताना खालचं पूर्ण तोडून ठेवता येईल. इस्त्रीची पिन लावायला हात उंच करावा लागतो अशी कुरकुर घरात होते, पण ज्यांनी हे केलं त्यांना २०२१ ला बोर्ड बदलावे लागले नाहीत. मीटरची पेटी वर घ्यायची असेल तर ती मात्र स्वतः किंवा माझ्यासारख्याकडून हलवून घेऊ नका. त्यासाठी महावितरणच्या तुमच्या भागातल्या कार्यालयात अर्ज द्यावा लागतो.